लॅबमध्ये पास, फॅमिली ग्रुपवर?

खोटी बातमी ओळखायच्या टिप्स नुसत्या वाचायला दिल्या तर उपयोग होतो? 2020 मध्ये आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आणि भारतातल्या उच्चशिक्षित, ऑनलाइन लोकांवर झाला. उत्तर भारताच्या ग्रामीण भागात मात्र झाला नाही.

मग घरी जाऊनच शिकवलं तर? सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019 च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये 1,224 जणांवर हा प्रयोग केला. ज्यांना तासभर शिकवलं, तेही सरासरी इतरांइतकेच फसले. भाजप समर्थकांमध्ये तर, पक्षाच्या सोयीच्या बातम्यांबाबत परिणाम उलटाच दिसला.

मला यात फार आश्चर्य वाटत नाही. सर्व्हेत ‘हे खरं वाटतं का?’ असं कोणीतरी विचारतं. मामांच्या फॉरवर्डखाली तसं कोण विचारणार? शिवाय तिथे प्रश्न बातमीचा कमी आणि मामांचा जास्त असतो.

पुढे बिहारमध्येच 13,500 हून अधिक शाळकरी मुलांवरच्या एका प्रयोगात काही आठवडे वर्ग घेतले. एक तास नव्हे, पुन्हा पुन्हा, सगळ्यांसोबत बसून. फरक चार महिन्यांनीही टिकला होता, आणि गंमत म्हणजे तो मुलांच्या आईवडिलांमध्येही दिसला, ज्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.