आपत्तीत बातमीदार पहिला फोन कोणाला लावतो?

महामारी, भूकंप, महापूर अशी आपत्ती आली की वृत्तपत्रसृष्टीत प्रशिक्षणाची भाषा सुरू होते. शिबिरे भरतात. मुखपट्टी कशी बांधावी, घरून मजकूर कसा पाठवावा, अफवा कशी ओळखावी, हे बातमीदारांना सांगितले जाते. हे सर्व आवश्यक आहे. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत झालेल्या तपासणीत पन्नासहून अधिक पत्रकारांना कोरोनाची लागण झालेली आढळली; तेव्हा या शिकवणीची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु ग्रामीण बातमीदारांच्या शिबिरांतून काही वर्षे शिकविल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की तेथे मूळ प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपत्तीच्या पहिल्या रात्री बातमीदार पहिला फोन कोणाला लावतो?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. जिल्हाधिकारी कचेरी, पोलीस ठाणे, सिव्हिल सर्जन, आमदारांचे स्वीय सहायक. वेळ थोडा असतो, पान सोडायचे असते. मग वर्षभर ज्यांच्यात उठबस, त्यांचेच नंबर हाती येतात. वेशीबाहेरच्या वस्तीचा नंबर त्यांत नसतो.

तो का नसतो? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पहिल्याच अंकात त्यांनी दाखवून दिले होते की मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत. त्याला शंभर वर्षे होत आली असताना, २०१९ मध्ये, ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. वृत्तमाध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या, त्यांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. ज्या कचेरीत वस्तीतून आलेला माणूस नाही, तिला वस्तीचा पत्ता कोण सांगणार?

याचा परिणाम काय होतो ते पाहा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीच्या याद्या झाल्या. नाव कोणाची बुडाली, जाळे कोणाचे गेले, यावरून नुकसान मोजले गेले. ज्यांची स्वतःची नाव नव्हती, जे मासळी वाहण्याच्या, मिठागराच्या किंवा शेतीच्या मजुरीवर जगत होते, ते दलित अनेक ठिकाणी यादीबाहेर राहिले. नागपट्टिनमला प्रेते उचलण्यासाठी मात्र दलित सफाई कामगारांनाच आणले गेले. केवळ मच्छीमार पंचायतीला आणि तहसीलदाराला विचारून लिहिलेली बातमी खोटी नसेल, पण ती अर्धी असते.

ही सवय मोडता येते, याचे उदाहरणही आहे. एप्रिल २०२१ मध्ये अहमदाबादेत सरकारी मृत्युसंख्या आणि पेटणाऱ्या चिता यांचा मेळ बसेना. तेव्हा ‘संदेश’ या गुजराती दैनिकाच्या बातमीदारांनी प्रेसनोट बाजूला ठेवली. ते शवागाराच्या दाराशी उभे राहून मोजू लागले. एका रात्री शहरातल्या २१ स्मशानांत फिरले. दोनशेहून अधिक मृतदेह भरले. सरकारी आकडा होता २५. यासाठी कोणते नवे यंत्र लागले? जेथे सत्य घडते तेथे जाऊन उभे राहावे लागले, एवढेच. चिता रचणारा, प्रेत वाहणारा माणूस आधीपासून तेथेच होता. ही कामे आपल्या देशात कोणाच्या वाट्याला आली, हे वाचकांना सांगावयास नको. ज्याला आपण ‘बिचारा’ म्हणून बातमीच्या शेवटच्या ओळीत बसवतो, तो खरे तर पहिला जाणकार असतो.

छोट्या बातमीचे मोलही शिकविले पाहिजे. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाडला जालन्याहून निघालेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ती बातमी देशभर गेली. पण वाटेत एकेकटे मेलेले कितीतरी होते. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने संसदेत सांगितले, की स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची माहिती उपलब्ध नाही. तोवर काही संशोधकांनी वृत्तपत्रांतल्या बातम्या जमवून टाळेबंदीत विषाणूव्यतिरिक्त अन्य कारणांनी झालेल्या नऊशेहून अधिक मृत्यूंची नोंद केली होती. भूक, थकवा, अपघात, आत्महत्या. तालुक्याच्या बातमीदारांनी दिलेल्या चार-चार ओळींच्या बातम्या नसत्या, तर ही माणसे कोठेच नोंदली गेली नसती.

आणि यंत्राचे काय? उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्यात कर्वी येथून २००२ साली ‘खबर लहरिया’ निघाले. दलित, आदिवासी, मुस्लिम बायका बुंदेली बोलीत लिहीत आणि अंक स्वतः गावोगाव विकत. पुढे छापील अंक बंद करून त्या मोबाइलवरच्या चित्रफितींकडे वळल्या. काहींना तर फोनवरची इंग्रजी अक्षरे ओळखण्यापासून सुरुवात करावी लागली. ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१) या माहितीपटात ते दिसते. फोन काही महिन्यांत शिकून झाला. वस्तीचा विश्वास त्यांच्यापाशी आधीच होता, तो कोणत्याही शिबिरात मिळत नाही. २०२० मध्ये मजूर पायी परतले, ते याच बुंदेलखंडातल्या गावांत.

म्हणून मी शिबिरात चार गोष्टींचा आग्रह धरतो. पहिली, आपत्ती नसताना वहीत वीस नावे लिहून ठेवा: सफाई कामगार, आशाताई, वीटभट्टीवरचा मजूर, स्मशानातला माणूस, आणि महिन्यातून एकदा, बातमी नसतानाही, त्यांच्याकडे जाऊन चहा प्या. दुसरी, प्रत्येक आकड्याला विचारा: हे कोणी मोजले, कोठे उभे राहून मोजले, मोजताना कोण वगळले गेले? तिसरी, मदत कोणाला नाकारली हे सांगणाऱ्याचे नाव छापण्यापूर्वी त्याला विचारा. तुम्ही निघून जाल. पाणी, मजुरी, किराणा बंद होईल ते त्याचे. चौथी गोष्ट मालकांसाठी आहे: ज्या तालुका बातमीदाराला तुम्ही पूरग्रस्त गावात पाठवता, त्याचे मानधन आणि विमा आधी ठरवा. अंगावर संकट घेणारा आणि त्याची किंमत ठरवणारा, हे दोघे निरनिराळ्या जातींतले असण्याची परंपरा वृत्तपत्रांत तरी नको.

यांतल्या एकाही गोष्टीसाठी पुढच्या पुराची वाट पाहण्याची गरज नाही. वही आजच घ्यावी.