हॅरी सेल्डनचा जन्म नेमका कधी?

आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ मालिका वाचायला घेणारे ज्युनिअर कॅडेट एकच प्रश्न विचारतात: सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करायची? प्रश्न रास्त आहे, कारण पुस्तके लिहिली गेली एका क्रमाने आणि घटना घडतात दुसऱ्याच क्रमाने. मूळ कथा १९४२ पासून मासिकात येऊ लागल्या. त्यांची तीन पुस्तके १९५१ ते १९५३ या काळात निघाली. पुढची गोष्ट सांगणारे ‘फाउंडेशन्स एज’ १९८२ मध्ये आले, तर या सर्वांआधीचा काळ सांगणारे ‘प्रिल्यूड टू फाउंडेशन’ १९८८ मध्ये.

घटनांचा क्रम लावताना मी नकाशावाचनात शिकलेली रिसेक्शनची पद्धत वापरली. आपली जागा ठाऊक नसेल, तर नकाशावरच्या पक्क्या खुणा शोधून तिथून रेघा मागे ओढायच्या. कथेतल्या पक्क्या खुणा म्हणजे थेट दिलेली साले.

मालिकेत कालगणना दोन आहेत. साम्राज्याचा तो गॅलॅक्टिक शक. फाउंडेशन स्थापन झाल्यावर नवी गणना सुरू होते, जसा शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला. सेल्डनचा मृत्यू गॅलॅक्टिक शक १२,०६९ मध्ये, म्हणजेच फाउंडेशन शक १ मध्ये झाला, असे पहिल्याच पुस्तकात दिले आहे. म्हणून फाउंडेशन शकात १२,०६८ मिळवले की जुने साल मिळते. फाउंडेशनवरचे पहिले संकट ५० साली येते, म्हणजे १२,११८. म्यूलचा उदय तीनशे वर्षांच्या सुमारास होतो. ‘फाउंडेशन्स एज’ची कथा ४९८ साली सुरू होते, म्हणजे १२,५६६.

अडचण येते ती सेल्डनच्या जन्मसालाशी. तेच पुस्तक त्याच जागी दोन आकडे देते: गॅलॅक्टिक शक ११,९८८ आणि फाउंडेशन शक उणे ७९. पहिल्यावरून मृत्यूसमयी त्याचे वय ८१ भरते. दुसऱ्यावरून, शून्य साल धरले तर ८० आणि इसवी सनासारखे शून्य साल नसेल तर ७९. हिशेब कसाही केला तरी जुळत नाही.

आता ‘प्रिल्यूड’ पाहा. तिथे साल १२,०२० आहे आणि सेल्डन बत्तीस वर्षांचा आहे. म्हणजे जन्म ११,९८८. माझ्या तक्त्यात मी हेच साल घेतले. पण ‘प्रिल्यूड’ त्याच लेखकाने सदतीस वर्षांनी लिहिले आहे, त्यामुळे हा साक्षीदार पूर्ण स्वतंत्र नाही. म्हणून ‘उणे ७९’ मी खोडले नाही. शेजारी प्रश्नचिन्हासह ठेवले. रिसेक्शनमध्ये तीन रेघा एका बिंदूत मिळाल्या नाहीत, तर नको असलेली रेघ आपण पुसत नाही. मधला त्रिकोण तसाच दाखवतो, कारण आपली चूक किती असू शकते हे तोच सांगतो. इतिहासातल्या तारखांनाही हाच नियम लावावा.

आणि मूळ प्रश्नाचे उत्तर? तक्ता वहीत असू द्या. वाचन मात्र प्रकाशनाच्या क्रमाने करा. ‘प्रिल्यूड’ आधी वाचले तर सेल्डनचे शास्त्र कसे घडले हे आधीच कळते आणि १९५१ च्या पुस्तकातला त्याचा दरारा ओसरतो. साले लावायची ती पुस्तके एकदा वाचून झाल्यावर.