परिशिष्टातला राजा, पडद्यावरची राजकन्या
लेखमाला : चित्रपट जोखताना – लेखांक ११

गेल्या लेखांकात कादंबरी आणि तिच्यावरून केलेला चित्रपट यांची तुलना कशी करावी, हे आपण पाहिलं. तिथे निदान मूळ वस्तू एकच असते. आजचा प्रकार जास्त गुंतागुंतीचा आहे. एखादी अद्भुतकथा वीस-पंचवीस वर्षं पडद्यावर गाजत राहते, तिचे सहा चित्रपट होतात, आणि मग तिच्या एका कोपऱ्यातली गोष्ट उचलून स्वतंत्र अॅनिमेशनपट केला जातो. अशा चित्रपटाला आईबाप दोन असतात, मूळ पुस्तक आणि आधीचे चित्रपट. तो कोणाच्या वळणावर गेला आहे, हे ओळखल्याशिवाय त्याच्याविषयी धड काही बोलता येत नाही. डिसेंबर २०२४मध्ये आलेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द वॉर ऑफ द रोहिरिम’ यासाठी नमुना म्हणून उत्तम आहे. उत्तम चित्रपट म्हणून नव्हे, उत्तम नमुना म्हणून.

आधी मुळाकडे. टोल्किनच्या कादंबरीचा तिसरा खंड १९५५मध्ये आला आणि त्याच्या शेवटी लांबलचक परिशिष्टं होती. वंशावळी, सनावळ्या, लिप्या, राजघराण्यांचे वृत्तांत. बहुतेक वाचक ती चाळून सोडून देतात. सिनेमावाल्यांना मात्र ती सोडून चालत नाही, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या दोन पुस्तकांचे चित्रपट-हक्क टोल्किनने १९६९मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सला विकले. त्याच्या मृत्यूनंतर, १९७७मध्ये निघालेलं ‘द सिल्मरिलियन’ त्या व्यवहारात नव्हतं. त्यामुळे पीटर जॅक्सनच्या चित्रपटांच्या परंपरेत नवं काही करायचं झालं, तर खणायला जमीन तेवढीच, दोन पुस्तकं आणि ही परिशिष्टं. रोहनच्या घोडेस्वारांच्या राजवंशाचा वृत्तांत अशाच एका परिशिष्टात आहे आणि नववा राजा हेल्म हॅमरहँड याच्या वाट्याला त्यातली दोन-तीन पानं आली आहेत.

पण काय पानं आहेत ती! फ्रेका नावाचा एक धनाढ्य सरदार दरबारात येतो आणि राजाच्या मुलीला आपल्या मुलासाठी, वुल्फसाठी मागणी घालतो. राजा त्याच्या लठ्ठपणावरून त्याला टोचतो, बाचाबाची होते. दरबार उरकल्यावर हेल्म त्याला बाहेर मोकळ्यावर नेतो आणि एका ठोशात लोळवतो. फ्रेका त्यातच मरतो. चार वर्षांनी वुल्फ सैन्य घेऊन येतो, राजधानी एडोरास घेतो आणि मेडुसेल्डच्या सोनेरी दालनात स्वतःला राजा म्हणवून घेतो. दालनाचा दरवाजा राखताना राजाचा थोरला मुलगा हालेथ पडतो. हेल्म डोंगरातल्या किल्ल्याचा आसरा घेतो आणि वरून महिनोन्‌महिने हटत नाही असा हिवाळा उतरतो. धाकटा मुलगा हामा अन्नासाठी बर्फात बाहेर पडतो आणि परत येत नाही. मग भुकेने आणि दुःखाने राजा पिसाटतो. पांढरे कपडे घालून रात्री एकटाच निघतो, आधी शिंग फुंकतो आणि शत्रूच्या छावणीत शिरून माणसं नुसत्या हातांनी मारतो. खायला काही मिळालं नाही तर तो माणसं खातो, अशी शत्रूच्या गोटात वदंता पसरते. एका रात्री शिंग वाजतं, पण राजा परतत नाही. सकाळी सापडतो तो उभाच, गोठून मेलेला, गुडघे न वाकवता. पुढे भाचा फ्रेयालाफ अचानक छापा घालून वुल्फला ठार करतो आणि गादीवर बसतो. त्या दरीला हेल्मचं नाव पडतं. तीच ‘हेल्म्स डीप’, जिथली लढाई जॅक्सनच्या २००२च्या ‘द टू टॉवर्स’मध्ये जगाने पाहिली.

या सगळ्यात एक माणूस बिननावाचं आहे. जिच्यावरून ठिणगी पडली ती राजाची मुलगी. टोल्किनने तिला नाव दिलेलं नाही, तोंडी वाक्य दिलेलं नाही, आणि पुढे तिचं काय झालं तेही सांगितलेलं नाही. चित्रपटाने नेमकी तीच जागा धरली. तिला हेरा हे नाव दिलं आणि कथा तिच्या बाजूने सांगायला घेतली. गाया वाइझने तिला आवाज दिला आहे, ब्रायन कॉक्सने हेल्मला.

यावर पुस्तकनिष्ठांचा आक्षेप ठरलेला, मुळात नसलेलं घातलं. हा आक्षेप मराठी वाचकाने तरी फार मनावर घेऊ नये. वि. स. खांडेकरांच्या १९५९च्या ‘ययाति’तली अलका महाभारताच्या आदिपर्वात कुठे आहे? नाही. पण ती कादंबरीतून काढून टाका, ययातीच्या अधःपाताचं माप बदलतं. तेव्हा भर घातली की नाही हा प्रश्नच नव्हे, त्या भरीवर कथेचं वजन पेलतं का, एवढंच पाहायचं.

हेराच्या बाबतीत ते अर्धंच पेलतं. पूर्वार्धात ती कुतूहलाची, घोड्यावर मांड पक्की असलेली, दरबाराच्या चौकटीत न मावणारी मुलगी आहे. वाईट नाही, पण ओळखीची आहे. गेल्या पंधरा वर्षांत अशा राजकन्या आपण बऱ्याच पाहिल्या. वेढा पडल्यावर तिच्यावर उपाशी माणसांची जबाबदारी येते, तेव्हा ती खरी होते. दिग्दर्शक केंजी कामियामाला हे जमतं, याचं नवल नाही. नाहोको उएहाशीच्या कादंबरीवरून त्याने २००७मध्ये केलेली ‘मोरिबितो’ ही मालिका भालाईत बाल्साची आहे, आणि पडद्यावर लढणारी बाई कशी थकते, कशी हिशेब करते, हे त्यात पाहण्यासारखं आहे. हेराला त्या बाल्साच्या निम्मी जरी खोली मिळाली असती!

या भरीची किंमत वुल्फने मोजली आहे. चित्रपटात तो हेराचा बालमित्र. तिने नकार दिला, तिच्या बापाने त्याचा बाप मारला, म्हणून तो सूडाला पेटतो आणि शेवटपर्यंत तेवढाच राहतो. पुस्तकातल्या वुल्फच्या मागे याहून जुनं काहीतरी उभं आहे. रोहनचा मुलूख या घोडेस्वारांना गोंडोरच्या राज्याने बक्षीस दिलेला, आणि तिथे राहणाऱ्या डनलंडच्या लोकांना त्यांनी हुसकावून लावलेलं. फ्रेकाच्या अंगात डनलंडचं रक्त होतं, आणि तो वंश मात्र रोहनच्या राजाचा सांगत असे. म्हणजे मागणी नुसती मुलीला नव्हती, गादीवरच्या हक्काला होती. ठोसाही नुसत्या अपमानाचा नव्हता. चित्रपट हे सारं एका-दोन संवादांत ओझरतं सांगतो आणि नाकारलेल्या प्रेमाच्या गोष्टीकडे वळतो. १३४ मिनिटांच्या चित्रपटात जागा नव्हती असं कसं म्हणावं? जागा दुसऱ्याच गोष्टींना दिली.

त्या दुसऱ्या गोष्टी म्हणजे आधीच्या चित्रपटांचे नमस्कार-चमत्कार. निवेदन एओविनचं, आणि आवाज तिची भूमिका केलेल्या मिरांडा ऑटोचाच. रोहनचं ओळखीचं संगीत. पिसाळलेला अजस्र हत्ती, आणि त्याला पाण्यात ओढणारा, मोरियाच्या दारातल्या प्राण्याचा भाऊबंद शोभेल असा राक्षस. अंगठ्या गोळा करत हिंडणारे दोन ऑर्क, ज्यांचे आवाज जुन्या चित्रपटांत मेरी आणि पिपिन झालेल्या नटांचे. जादूगार सारुमानही येतो, २०१५मध्ये वारलेल्या ख्रिस्तोफर लीच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून. आणि शेवटी गँडाल्फचा निरोप. यातलं सारुमानचं येणं मुळातच आहे. फ्रेयालाफच्या राज्यारोहणाला तो भेटवस्तू घेऊन आल्याची नोंद परिशिष्टात आहे, आणि आयझेनगार्डचा किल्ला त्याच्या हाती कसा गेला ते त्यातून उलगडतं. तो प्रसंग मला मान्य. ऑर्क आणि अंगठ्या मात्र निव्वळ चाहत्याला कोपराने ढोसणं आहे.

अशा चित्रपटाला माझी एक साधी कसोटी आहे. ज्या दृश्याची मजा फक्त आधीचे चित्रपट पाहिलेल्यालाच कळेल, ते दृश्य मनातल्या मनात कापून टाकायचं आणि कथा लंगडते का ते बघायचं. ‘रोहिरिम’मधून हत्ती, जलराक्षस, ऑर्क आणि गँडाल्फचा निरोप काढला तर कथा लंगडत नाही, उलट नीट चालायला लागते. वुल्फसाठी वेळ तिथून काढता आला असता.

आता माध्यमाकडे, कारण अॅनिमेशनपटाचा निकाल शेवटी चित्रांवर लागतो. टोल्किनची कथा अॅनिमेशनमध्ये येण्याची ही पहिली वेळ नाही. १९७७मध्ये रँकिन-बास यांनी दूरचित्रवाणीसाठी ‘द हॉबिट’ केला, त्याची चित्रं जपानच्या टॉपक्राफ्टने काढली. मियाझाकीचा ‘नाउसिका’ पुढे १९८४मध्ये याच स्टुडिओत झाला. म्हणजे टोल्किनच्या मध्यभूमीला जपानी हात नवा नाही. १९७८मध्ये राल्फ बाक्षीने मोठ्या पडद्यासाठी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ केला. त्याने खऱ्या नटांचं चित्रीकरण करून त्यावरून रेघा गिरवल्या. हेल्म्स डीपच्या लढाईत तर कित्येक ठिकाणी रंग चढवलेलं चित्रीकरणच जवळजवळ तसंच दिसतं. आज ते विचित्र वाटतं, काही जागी मात्र त्या धूसर आकृत्यांची भीतीही वाटते. चित्रपट हेल्म्स डीपच्या आसपास संपला आणि उत्तरार्ध बाक्षीच्या हातून कधीच झाला नाही.

कामियामाच्या गटाने ४६ वर्षांनी जे केलं, त्याची जातकुळी याहून फार निराळी नाही. आधी नटांच्या हालचालींची संगणकीय नोंद घेतली, त्यावरून त्रिमितीत सगळा चित्रपट रचला आणि मग त्या आधारावर हाताने द्विमितीत चित्रं काढली. यात एक फायदा उघड आहे. घोडा हा चित्रकाराचा छळवाद असतो. चार पायांच्या चालीची लय, वर स्वार, त्याचा झगा, आणि असे शेकडो एकाच चौकटीत. त्रिमितीचा आधार नसता तर रोहनच्या घोडदळाची कथा एवढ्या खर्चात उभीच राहिली नसती. तोटाही तिथूनच येतो. कॅमेरा जिवंत चित्रपटासारखा फिरतो, डोंगरांची पार्श्वभूमी छायाचित्रासारखी भरगच्च, आणि त्यासमोर सपाट रंगांची माणसं. अनेक दृश्यांत ती त्या जागेत उभी आहेत असं वाटतच नाही, वर चिकटवल्यासारखी दिसतात. जपानी अॅनिमेशनचं बळ वेगळ्या गोष्टींत असतं. तिथे एक चित्र धरून ठेवतात, हालचाल मोजकी देतात आणि मग एका क्षणी सगळं मोकळं सोडतात. कामियामाला ही भाषा येते, ‘घोस्ट इन द शेल : स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’मध्ये ती दिसते. इथे मात्र तो जॅक्सनचा कॅमेरा चित्रात उतरवत बसला आहे. अॅनिमेशन निवडलं, पण ते वापरायला कचरले.

एक भाग मात्र याला सणसणीत अपवाद आहे. वेढ्यातल्या हिवाळ्यात हेल्म रात्री बाहेर पडू लागतो तिथपासून त्याच्या मृत्यूपर्यंतचा. बर्फाने पार्श्वभूमी पुसली जाते, त्यामुळे चिकटवल्याचा दोषही पुसला जातो. उरतात काळी छावणी, पांढरा धूसर आकार आणि शिंग. तो माणूस आहे की भूत, हे चित्रातूनच संदिग्ध राहतं, आणि ही संदिग्धता जिवंत नटाच्या चित्रपटात साधणं फार कठीण. मृत्यूचा प्रसंग पुस्तकापेक्षा वेगळा रचला आहे. पुस्तकात राजा एकटा, कोणाच्याही नजरेआड मरतो. इथे मुलीला किल्ल्यात घेऊन तो दारावर शत्रूला थोपवून धरतो. बदल नाट्यमय आहे, मला थोडा जास्तच नाट्यमय वाटला, पण उभ्या गोठलेल्या राजाचं चित्र त्याने बिघडवलेलं नाही. पुस्तक, माध्यम आणि दिग्दर्शक तिघे एका जागी भेटतात ते इथेच.

शेवट मात्र पुन्हा घसरतो. पुस्तकात वुल्फला फ्रेयालाफ मारतो, चित्रपटात ते काम हेराकडे. नायिकेला शेवटचा वार द्यायलाच हवा, हा अलीकडचा रिवाज झाला आहे. त्याने सूडाच्या या कथेतला कडवटपणा निघून जातो. यापेक्षा, गादी नाकारून ती निघून जाते तो भाग जास्त पटतो, कारण इतिहासात तिचं नाव का नाही, याचं उत्तर त्यात आहे.

तुलनेसाठी ‘द विचर : नाइटमेअर ऑफ द वुल्फ’ बघा. २०२१चा, दक्षिण कोरियाच्या स्टुडिओ मिरचा. तोही मोठ्या मालिकेतून फुटलेला, वेसेमिर या म्हाताऱ्या गुरूच्या तारुण्याची कथा. पण तो कोणाचा आशीर्वाद घ्यायला जात नाही. राक्षस मारून पोट भरणाऱ्यांच्या गढीतच राक्षस तयार होत असतील तर काय, हा एक प्रश्न धरतो, दीड तासाच्या आत संपवतो. मालिका न पाहिलेल्यालाही तो पुरतो.

‘रोहिरिम’ला खर्च सुमारे ३ कोटी डॉलर आला आणि जगभरातून सुमारे २ कोटी डॉलर मिळाले. हे आकडे निकालात धरू नका. चित्रपट पडला म्हणून वाईट, असं इथेही म्हणता येणार नाही. तो वाईट नाहीच. दोन आईबापांपैकी चुकीच्या एकाच्या वळणावर गेला, एवढंच. परिशिष्टातल्या त्या निष्ठुर, आखूड कथेशी तो जेवढा वेळ प्रामाणिक राहतो, तेवढा वेळ चांगला आहे, आणि तो वेळ साधारण पाऊण तासाचा भरेल.

पाहणार असाल तर आधी ती दोन-तीन पानं वाचा, मग चित्रपट लावा. उलट क्रमाने नको. पुढच्या लेखांकात ‘मोरिबितो’ घेऊ.