दोघींची खोली

पैठण रस्त्यावरच्या बिडकीनला ‘ऑरिक’चं औद्योगिक शहर उभं राहतंय. कारखान्यांमागोमाग भाड्याच्या खोल्या येतात आणि खोली शोधणाऱ्या पोरीही. दोघींनी मिळून खोली मागितली की घरमालकाला हायसंच वाटतं: मैत्रिणी आहेत, पोरांची ये-जा नको. त्या एकमेकींच्या जोडीदार असतील, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. हा आडोसा सोयीचा खरा. पण गावाकडून स्थळं यायला लागेपर्यंतच.

असं प्रेम विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्येच ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातून रंगभूमीवर आणलं. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकापुढे आणायला धाडसच लागलं असणार. पण तिची गोष्ट सांगतो बापू, एक पुरुष. तिच्यासारख्या चारचौघी कुठं जमतात, हे त्या नाटकात नाहीच.

अमेरिकेत तोवर अशा चारचौघी जमून, भांडून पांगल्याही होत्या. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘रॅडिकलेस्बियन्स’ गटाने स्त्री चळवळीलाच जाब विचारला: आमचं नाव घ्यायची लाज का वाटते? वॉशिंग्टनच्या ‘फ्युरीज’नी १९७१ मध्ये पुरुषांपासून फारकत घेऊन एकत्र बिऱ्हाड थाटलं. पुढच्याच वर्षी गट मोडला. पुरुष वगळले म्हणून आपसातली उतरंड थोडीच जाते!

आपल्याकडे सुरुवात टपालाने झाली. दिल्लीच्या ‘सखी’ गटाने १९९१ मध्ये पत्रव्यवहाराचा पत्ता जाहीर केला आणि ठिकठिकाणच्या बायकांची पत्रं येऊ लागली. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ जमला. त्याचंच पुढे ‘लेबिया’ झालं. मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालानंतर १९८० मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या स्त्रीवादी मंचाशी त्यातल्या काहीजणींचं जुनं नातं होतं. त्यांनी वेगळी चूल मांडली नाही. उभयलैंगिक स्त्रिया, पुढे ट्रान्स व्यक्तीही सामावून घेतल्या. कट्टर मंडळींना हे पातळ वाटेल. मला मात्र हाच शहाणपणा वाटतो. एकटीला आधी वाद नव्हे, माणसं लागतात.

डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांचं प्रेम दाखवणाऱ्या ‘फायर’ चित्रपटावरून शिवसैनिकांनी मुंबईतली चित्रपटगृहं फोडली. त्याच्या निषेधार्थ दिल्लीत रीगल चित्रपटगृहासमोर निदर्शनं झाली, तेव्हा ‘भारतीय आणि लेस्बियन’ असा फलक झळकला. घराघरात दबलेला शब्द भर रस्त्यात आला.

कायद्याचं गाडं सावकाश सरकलं. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सुटला. २०२३ मध्ये समलिंगी लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. तसंही बायकांना कलमापेक्षा घरचंच भय जास्त. पोरगी जोडीदारणीकडे गेली की ‘पळवून नेलं’ म्हणून तक्रार, मग कोंडणं, घाईचं लग्न.

म्हणून ११ मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खोलीतल्या त्या दोघींना ठाऊक हवा. केरळच्या देवू नायर प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की कोंडलेल्या व्यक्तीला कोर्टात हजर करण्याच्या अर्जात सज्ञान स्त्रीशी न्यायाधीशांनी बंद दालनात, घरच्यांच्या दबावाशिवाय बोलावं; तिचा कल बदलण्यासाठी समुपदेशनाला धाडू नये; आणि जोडप्याने संरक्षण मागितल्यास ते आधी द्यावं. कुटुंब म्हणजे केवळ रक्ताचं नव्हे, निवडलेलंही, हेही त्याच निकालात आहे.