वैशाख पौर्णिमेच्या ताटात खीर राहू द्या, तळण कमी करा

वैशाख पौर्णिमेला आपल्या बहुतेक घरांत बेत ठरलेला असतो. बुद्ध वंदना झाली की खीर, पुरी, बटाट्याची भाजी, भजी. खिरीमागे सुजातेच्या खीरदानाची आठवण आहे, तिला हात लावायचा प्रश्नच नाही. प्रश्न उरलेल्या ताटाचा आहे. मे महिन्याच्या उन्हात एवढे तळण, आणि त्याच घरात आजीला मधुमेह, वडिलांना रक्तदाब!

मात्र तरुणांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. आजी-आजोबांच्या पिढीला पुरी ही नुसती चैन नव्हती. दुसऱ्यांच्या पंगतीतले उरलेले अन्न ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईच्या गव्हाची पुरी तळली, हा स्वाभिमान होता. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. ते वाचल्यावर पुरीला नाक मुरडणे जमत नाही.

तरीही बदल हवा, आणि तो कसा घडतो याचे उदाहरण संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात जेवायचा. एकदा तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला जेवणात मात्रा सांभाळण्याची गाथा सांगितली. तिथे असलेल्या सुदस्सन या तरुणाने ती पाठ केली आणि राजाच्या प्रत्येक जेवणाला म्हटली. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला. बंदी नाही, टोमणा नाही. रोज एक आठवण.

आम्ही म्हणतो, यंदा दोनच पदार्थ बदला. बटाट्याऐवजी मटकीची उसळ करा. आदल्या दिवशी सकाळी मटकी भिजत घातली की पौर्णिमेला मोड तयार असतात. भज्यांऐवजी काकडी-कांद्याची कोशिंबीर, सोबत कैरीचे पन्हे किंवा ज्वारीची आंबील. पुरी दोन-दोनच वाढा, पुढच्या वर्षी तिच्या शेजारी ज्वारीची भाकरी ठेवा. "पाहुण्यांना भाकरी वाढायची?" असे कोणीतरी विचारेलच. वाढायची. शहरातल्या हॉटेलांत तीच भाकरी आज लोक पैसे मोजून खातात.

खिरीचे दूध मंद आचेवर आटवले की त्याची स्वतःची गोडी वाढते, मग नेहमीच्या निम्म्या साखरेत भागते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे आजीने पोटभर खावी, असे मात्र समजू नका. मधुमेहात गूळही साखरेइतकाच जपून खायचा असतो. तिला अर्धी वाटी द्या, पण द्या.

आणि भाषण मुलाने करायचे, चूल आईने सांभाळायची, हे चालणार नाही. भाकरी थापता येत नसेल तर शिका. तोवर मटकी निवडणे, कांदा चिरणे, भांडी घासणे तरी तुमच्याकडे घ्या.

विहारातील भोजनदानाचे गणित वेगळे. दोनशे माणसांना भाकरी पुरवणे अवघड, तिथे पोळी किंवा साधा भात बरा. रंगीत सरबताऐवजी मठ्ठा ठेवावा. काकडी वाढायच्या वेळीच चिरावी आणि मीठही तेव्हाच घालावे. आधी घातले तर पाणी सुटून कोशिंबीर कोणी घेत नाही.