ऐकण्यातून मानवशास्त्र : एक ओवी, चार शाखा

मराठी वाचकाला मानवशास्त्र बहुधा इरावती कर्वे यांच्या नावाने भेटते. ‘युगान्त’ वाचलेले असते, पण इरावतीबाईंनी ज्या शास्त्राला आयुष्य दिले त्याच्या शाखा कोणत्या, हे फारसे ठाऊक नसते. शारीरिक मानवशास्त्र, पुरातत्त्व, भाषिक मानवशास्त्र आणि सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र अशा चार शाखा मानण्याची पद्धत अमेरिकेतील विद्यापीठांत रुजली. मी हा विषय कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही. थेरगावात राहून, कारखान्याच्या पाळ्या सांभाळत, तो बराचसा कानांनी शिकलो. आधी रेडिओवरची भाषणे, पुढे मोबाइलवर मिळणारी जुनी व्याख्याने आणि ध्वनिमुद्रणे. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून एक गोष्ट ठाम झाली आहे : या चारही शाखांत शिरायला आपल्या दारातच एक वाट आहे. ती जात्यावरच्या ओवीची.

पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या बायांबरोबर काम करताना १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हा संग्रह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत पसरला आणि एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’ने या ओव्या आवाजासह लोकांपुढे आणल्या. यातले कोणतेही एक ध्वनिमुद्रण घ्यावे आणि चार वेळा ऐकावे.

पहिल्या वेळी दगड ऐकावा. जात्याची घरघर हा पुरातत्त्वाचा विषय आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांकडे गोल फिरणारे जाते नव्हते. खालच्या दगडावर वरचा दगड पुढे-मागे घासून ते धान्य भरडत. फिरते जाते आपल्याकडे सातवाहनकाळाच्या सुमारास, नेवाशासारख्या ठिकाणच्या थरांत दिसू लागते. म्हणजे ओवीला आज जो गोल फिरणारा ठेका ऐकू येतो, त्यामागचा दगड सुमारे दोन हजार वर्षांचा आहे.

दुसऱ्या वेळी श्वास ऐकावा. दळणाऱ्या बाईचा दम कुठे लागतो, सूर कुठे तुटतो, दुसरी बाई ओळ कुठे उचलून धरते. इथे शारीरिक मानवशास्त्र सुरू होते. सीरियातील अबू हुरेरा या नवाश्मयुगीन वस्तीतल्या सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलेसन यांनी केला. गुडघ्यांवर बसून तासन् तास दळल्याच्या खुणा त्यांना पायाची बोटे, गुडघे आणि कण्याच्या हाडांवर आढळल्या, आणि त्या मुख्यतः स्त्रियांच्या हाडांवर होत्या. श्रम हाडांत लिहिले जातात, हे या शाखेने दाखवले. इरावतीबाईंची बर्लिनमधली पीएच.डी.सुद्धा याच शाखेतली, मानवी कवटीच्या असमान ठेवणीवर होती. वंशश्रेष्ठत्वाचा गाजावाजा असलेल्या त्या वातावरणात, ही असमानता वंशानुसार बदलत नाही असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

तिसऱ्या वेळी शब्द ऐकावेत. छापील ओवी दोन ओळींत संपते. गाताना तीच ओवी ‘बाई’, ‘गं’ अशी भर घेत, अर्धी ओळ पुन्हा म्हणत लांबते. ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’ कुठे टिकतो, कुठे बदलतो. कागदावर हे सारे प्रमाण होऊन जाते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या निमित्ताने शंभर वर्षांपूर्वी भारतातील अनेक बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. त्यांत बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून वदवून घेतली होती. तुलनेसाठी ते सोयीचे, पण बोली त्यांची आणि गोष्ट परक्याची. ओवीत बोलीही तिची आणि गोष्टही तिचीच.

चौथ्या वेळी नाती ऐकावीत. माहेर, भाऊ, सासू, लेक, सीतेचा वनवास, आणि दलित वस्त्यांतल्या ओव्यांत बाबासाहेब. इरावतीबाईंनी १९५३च्या ग्रंथात भारतीय नातेव्यवस्थेचा जो आराखडा मांडला, त्याच्या आतली धग इथे कळते. १९६७ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत एडमंड लीच या मानवशास्त्रज्ञाने आटोपशीर, चार भिंतींत कोंडलेल्या कुटुंबावर टीका केली, तेव्हा ब्रिटनमध्ये खळबळ उडाली होती. ते व्याख्यान ऐकले की वाटते, सासरच्या चार भिंतींबद्दल आपल्या बाया पहाटेच्या अंधारात दगडाला हेच सांगत आल्या.

मात्र श्राव्य कार्यक्रमांचा एक दोष सांगायला हवा. ओवी सुरू होते न होते तोच निवेदकाचा प्रमाण भाषेतला आवाज वर चढतो आणि बाई मागे पार्श्वसंगीत होऊन उरते. राईरकर-पॉइटवाँ यांचे मोठेपण असे, की त्यांच्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. लोकसाहित्य म्हटले की कर्ता अज्ञात, ही सवय त्यांनी मोडली.

हे मी थेरगावातून लिहितो आहे, याला कारण आहे. डांगे चौकाच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत एकच प्रश्न किती तऱ्हांनी ऐकू येतो! ‘काय करतोयस’ला लातूरकडचा ‘काय करायलास’ म्हणतो, वऱ्हाडातला ‘काय करून राहिला’, खान्देशातला ‘काय करी ऱ्हायना’. त्यांची पोरे शाळेतून आली की आईबापांची बोली दुरुस्त करतात. याच खोल्यांत गावाकडून मुलाकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या आहेत. पिठाची गिरणी येण्याआधी त्या जात्यावर बसत. आता त्यांची ओवी ऐकायला घरात कोणी थांबत नाही. डोंगरातल्या गावांचे ध्वनिमुद्रण झाले, पण कारखान्यांच्या मागे आलेल्या या बोलींचे आणि ओव्यांचे काय?

यासाठी विद्यापीठाची वाट पाहायला नको. मोबाइल समोर ठेवावा, आधी परवानगी विचारावी. नाव, माहेर, सासर, तारीख, ओवी कोणाकडून शिकली, हे तिच्याच तोंडून नोंदवून घ्यावे. मध्ये बोलू नये. चुकली तर दुरुस्त करू नये. आणि झाले की सगळ्यांत आधी तिलाच ऐकवावे, कारण आपला आवाज तिने बहुधा कधी ऐकलेला नसतो.