सकाळचा प्रतिस्पर्धी, दुपारचा जोडीदार

यंत्रमानव म्हटला की चौकोनी डोक्याचा लोखंडी माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेतील शाळकरी मुले स्पर्धेसाठी जो यंत्रमानव बनवतात, तो मात्र असा नसतो. चाकांवर बसवलेली चौकट, त्यावर मोटारी, साखळ्या, उचलणारा हात आणि १२ व्होल्टची बॅटरी, असे त्याचे रूप असते.

या स्पर्धा भरवणारी 'फर्स्ट' ही संस्था डीन केमन या संशोधकाने १९८९ साली स्थापन केली. पहिली स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे झाली. तीत २८ संघ होते. खेळाची कल्पना घडवण्यात एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांचा मोठा वाटा होता.

दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. २०२५ च्या खेळात नळीचे तुकडे उंच खांबांच्या फांद्यांवर अडकवायचे, मोठे चेंडू उचलायचे आणि शेवटी टांगलेल्या पिंजऱ्याला लटकायचे होते. बॅटरी व कडेच्या गाद्या वगळून यंत्राचे वजन सुमारे ५२ किलोंच्या आत हवे होते.

एवढे काम एकट्याचे नव्हे! कोणी सांगाडा जोडतो, कोणी तारा, तर कोणी संगणकाची आज्ञावली लिहितो. कोणी वर्गणी जमवतो. बॅटऱ्यांची देखभालही महत्त्वाची. सर्व मोटारी एकदम जोर लावू लागल्या की प्रचंड विद्युतप्रवाह वाहतो आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे तिचा दाब घसरतो. तो फारच घसरला, तर ऐन खेळात यंत्र अडखळते. म्हणून प्रत्येक सामन्याला भरलेली बॅटरी लागते.

सामन्यात तीन-तीन यंत्रांच्या दोन बाजू असतात. २०२५ मध्ये सामना अडीच मिनिटांचा होता. पहिले १५ सेकंद कोणीही यंत्र चालवायचे नाही. त्याने आज्ञावलीनुसार आपले आपण काम करायचे.

खरी गंमत पुढेच आहे. प्राथमिक फेरीत जोडीदार दर सामन्याला बदलतात, आणि ते निवडणे संघाच्या हाती नसते. सकाळी ज्याच्याविरुद्ध खेळलो, तोच दुपारी आपल्या बाजूला! पुढे अव्वल संघ अंतिम फेऱ्यांसाठी स्वतः जोडीदार निवडतात. म्हणून प्रत्येक संघाची काही मुले प्रेक्षकांत बसून इतरांच्या कामगिरीची टिपणे काढतात.

मग शेजाऱ्याची साखळी तुटली तर काय करायचे? आपल्याजवळची द्यायची! पुढचा सामना त्याच्याशीच असला तरीही. कसून खेळावे, पण समोरच्याचा मान राखावा, हा फ्लॉवर्स यांचा आग्रह होता.

हे तुम्हालाही करून पाहता येईल. छोट्या मोटारींच्या गाड्या बनवा, एक खेळ ठरवा आणि दर फेरीला चिठ्ठ्या टाकून जोडीदार बदला. दुसऱ्याची गाडी बंद पडली की वर्गात काय घडते, ते मात्र नीट पाहा.